नाचत्या पावलांचं मातीचं गाव

बंगळूरजवळ हेसरघट्ट्याला दगड, माती आणि गवत यांतून एक गाव उभं राहिलं, तेही फक्त नृत्यासाठी! तीन दशकं उलटून गेली तरी ते उभं आहे. ते कशामुळे टिकलं? आणि आपल्या गावच्या समाजमंदिराला, सभामंडपाला त्यातून काय घेता येईल?

फेब्रुवारीतली रात्र. बंगळूरबाहेरच्या, एरवी सुनसान असणाऱ्या रस्त्यावर मोटारी, स्कूटर आणि बसगाड्यांची रांग लागलेली. कुणाच्या अंगावर शाल, कुणाच्या काखेत सतरंजी, कुणी झोपाळलेल्या पोराला खांद्यावर घेतलेलं. सगळे निघालेत एकाच दिशेला. तिथं मोकळ्या आभाळाखाली अंधार पडताना सुरू झालेलं नाचगाणं संपणार ते पहाट फुटल्यावरच. प्रवेशाला तिकीट नाही, डोक्यावर छप्पर नाही.

या रात्रीचं नाव 'वसंतहब्बा'. कानडीत हब्बा म्हणजे सण. हा सण भरायचा हेसरघट्ट्याच्या नृत्यग्राममध्ये. २००४ साली तो झाला तेव्हा सुमारे ४० हजार माणसं आली होती. तो शेवटचा वसंतहब्बा ठरला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्सुनामी आली आणि पुढच्या वर्षीचा सण झाला नाही. नंतर पैशांचा मेळ बसला नाही.

सण थांबला, पण गाव थांबलं नाही. तिथं आजही नृत्याची साधना चालते. ज्या गावाच्या भिंतींना गुळगुळीत प्लॅस्टर नाही, ज्याची जडणघडण मातीची, ते इतकी वर्षं टिकलं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण मातीचं घर म्हणजे गरिबाचं घर आणि सिमेंटचं घर म्हणजे प्रगती, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की त्याच्या पलीकडे आपण पाहतच नाही!

मुंबईतून निघालेली वाट

या गावाची कथा सुरू होते मुंबईत. १९७५ च्या ऑगस्टमध्ये भुलाभाई देसाई स्मारक संस्थेच्या सभागृहात एक तरुणी अगदी योगायोगानं शिरली. आत ओडिसी नृत्याचा कार्यक्रम चालू होता. ही तरुणी म्हणजे त्या काळची गाजलेली मॉडेल प्रोतिमा बेदी. वय २६, दोन मुलांची आई. शास्त्रीय नृत्य लहानपणी सुरू करायचं असतं असं सगळेच सांगतात. पण त्या संध्याकाळी तिनं जे पाहिलं त्यानं तिचं आयुष्यच पालटलं. ती ओडिसीचे थोर गुरू केलुचरण महापात्र यांच्याकडे गेली. कटकला राहून रोज बारा-बारा तास घाम गाळला. अभिनयाचे धडे तिनं मद्रासच्या कलानिधी नारायणन यांच्याकडे घेतले.

पुढे तिनं जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये नृत्याचे वर्ग सुरू केले. पण आठवड्यातून दोनदा तासभर येऊन जाणाऱ्या शिष्यांना नृत्य येईल कसं, हा प्रश्न तिला छळत होता. गुरूंच्या घरी राहून, पाणी भरून, केर काढून ती जे शिकली होती, ते मुंबईतल्या फ्लॅटमध्ये कुठून देणार? तिला हवं होतं एक अख्खं गाव. तिथं गुरू राहतील, शिष्य राहतील, भाजी पिकेल, चूल पेटेल आणि दिवसाची सुरुवात नि शेवट नृत्यानंच होईल.

कर्नाटक सरकारनं हेसरघट्ट्याजवळ १० एकर जमीन भाडेपट्ट्यानं दिली. शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेली ही जागा माळरानाची. जवळच अर्कावती नदीवरचा तलाव आहे. १८९४ पासून बंगळूरची तहान भागवण्यासाठी बांधलेला हा तलाव पुढे अनेक वर्षं कोरडाच पडायचा. अशा जागी सात शास्त्रीय नृत्यांची सात गुरुकुलं आणि जोडीला छाऊ नि कळरीपयट्टू या युद्धकला, असा बेत ठरला. ११ मे १९९० रोजी तेव्हाचे पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या हस्ते नृत्यग्रामचं उद्घाटन झालं.

पाच मैलांचा नियम

पण गाव बांधायचं कसं? हे काम आलं जेरार्ड द कुन्हा या गोव्याच्या आर्किटेक्टकडे. गोव्यात जाणाऱ्या अनेकांनी पर्वरीजवळ तोर्डा इथं रस्त्याच्या मधोमध जहाजासारखं दिसणारं 'हाऊसेस ऑफ गोवा' हे संग्रहालय पाहिलं असेल. ते याच जेरार्डनी उभारलेलं. दिल्लीत शिक्षण झाल्यावर ते केरळला लॉरी बेकर यांच्याकडे काम करायला गेले होते आणि तिथं त्यांना आपली वाट सापडली.

लॉरी बेकर हे नाव मराठी वाचकांना अगदी परकं नाही. १९१७ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनहून परतताना मुंबईत थांबला. तिथं त्याची गाठ पडली गांधीजींशी. घर बांधायचं तर त्याचं सगळं सामान पाच मैलांच्या आत मिळालं पाहिजे, हा गांधीजींचा विचार त्याच्या मनात जाऊन बसला. युद्धानंतर तो भारतात परत आला, इथलाच झाला आणि २००७ मध्ये मरेपर्यंत पाच मैलांचा तो नियम विसरला नाही. गांधीजींनी स्वतः हा नियम कसा पाळला हे पाहायचं तर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला जावं. माती, बांबू आणि कौलं यांतून उभी राहिलेली बापूकुटी आजही वैशाखाच्या उन्हात आत पाऊल टाकताच गारवा देते.

बेकर यांच्या अनेक युक्त्यांपैकी एक सांगायला हवी. भिंत रचताना विटा आडव्या न टाकता कडेवर उभ्या ठेवायच्या आणि दोन विटांच्या मध्ये पोकळी सोडायची. तेवढ्याच जाडीच्या भिंतीला साधारण पाव हिश्शानं विटा कमी लागतात, आतली हवा उन्हाला अडवते आणि भिंत इतकी देखणी दिसते की प्लॅस्टरची गरजच उरत नाही!

नृत्यग्राममध्ये जेरार्डनी हेच शहाणपण वापरलं. आजूबाजूला मिळणारा दगड, पायाखालची माती, वीट, लाकूड आणि गवत. भिंती सरळसोट नाहीत, त्या वळतात. खोलीतून अंगणात आणि अंगणातून झाडाखाली कधी आलो हे कळत नाही. गुरू केलुचरण यांच्या सन्मानार्थ मातीचं देऊळ उभं राहिलं. आणि मोकळ्यावर बांधला गेला उतरत्या पायऱ्यांचा खुला रंगमंच. वसंतहब्बा भरायचा तो इथंच.

कोल्हापूरकरांना तो रंगमंच समजावून सांगायला नको. खासबाग मैदान आठवा! शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं प्राचीन क्रीडांगण पाहिलं आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात कुस्तीचं मैदान उभं केलं. मधे हौदा आणि भोवती चढती बैठक. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाचा पट दिसतो. ज्याला पुढच्याचं डोकं आड येत नाही, त्याला आवाजही अडत नाही. नाचाचं मैदान काय नि कुस्तीचं काय, हिशेब एकच.

भिंत श्वास घेते म्हणजे काय?

जुनी माणसं म्हणतात, मातीची भिंत श्वास घेते. यात काव्य थोडं आणि विज्ञान जास्त आहे. दीड-दोन फुटांची मातीची भिंत दिवसभराचं ऊन सावकाश पिते. उष्णता आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ होते, बाहेरची हवा गार पडलेली असते आणि ती उष्णता परत बाहेर निघून जाते. बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथल्या रात्री थंड, त्यामुळे ही भिंत तिथं फारच छान काम करते. हवेत दमटपणा वाढला की माती थोडा ओलावा शोषून घेते, हवा कोरडी झाली की तो परत सोडते.

गवताच्या छपराचंही तसंच. काड्याकाड्यांच्या मध्ये हवा अडकलेली असते, म्हणून ऊन खाली उतरत नाही. आणि आणखी एक फायदा जो नाचगाण्याला फार मोलाचा आहे, तो म्हणजे पावसाचा आवाज होत नाही. पत्र्याच्या सभामंडपात कीर्तन ऐकायला बसलेल्यांना हे चटकन पटेल. सर आली की बुवांचं तोंड तेवढं हलताना दिसतं, ऐकू येतो फक्त पत्रा!

नाचणाऱ्यांसाठी जमिनीचाही प्रश्न असतो. काँक्रीटवर थेट लादी बसवलेली जमीन म्हणजे नर्तकाच्या गुडघ्यांची वैरीण. ओडिसीत गुडघे वाकवून 'चौक' घ्यायचा आणि त्या स्थितीत तासनतास पाय आपटायचे. चोपून सारवलेली जमीन किंवा लाकडी तक्तपोशी तो आघात थोडा तरी आपल्या अंगावर घेते. काँक्रीट मात्र जेवढं द्याल तेवढं परत करतं!

राहता राहिली पर्यावरणाची बाजू. माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटनिर्मितीचा आहे. वीट भाजायला भट्टी लागते आणि भट्टीत शेताच्या वरच्या थराची सुपीक माती जळते. मातीची भिंत पाडली तर तिच्यात पाणी घालून त्याच मातीची नवी भिंत बांधता येते. काँक्रीटची पाडली तर उरतो राडारोडा.

बंगळूर शहरात यावर शास्त्रीय कामही झालंय. तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेनं १९७४ मध्ये ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान शोधणारा 'अस्त्र' नावाचा गट सुरू केला. या गटातल्या प्रा. के. एस. जगदीश यांच्यासारख्या संशोधकांनी मातीत पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळून, हातयंत्रानं दाबून, न भाजता घट्ट वीट कशी करायची हे बसवलं. ही वीट तीन आठवडे ओली ठेवायची की झालं. कोळसा नाही, भट्टी नाही, धूर नाही. अशा विटांची दुमजली घरंही बंगळुरात उभी आहेत.

आणि किल्लारी?

इथं मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न येणारच. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण विसरलेलो नाही. किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात दगडमातीच्या घरांखाली आठ हजारांच्या आसपास माणसं गाडली गेली. मग पुन्हा मातीची घरं कशाला?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर टाळून चालणार नाही. तिथल्या जाड भिंती ओबडधोबड गोल दगडांच्या होत्या. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधणारे लांब दगड बहुतेक घरांत नव्हते. वर माळवद, म्हणजे लाकडावर फूट-दोन फूट मातीचा थर, आणि तोही वर्षानुवर्षं गळती थांबवण्यासाठी वाढवत नेलेला. जमीन हलली तेव्हा भिंती फुगून फुटल्या आणि ते टनावारी ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

म्हणजे धडा असा, की दोष ओझ्याचा आणि सुटेपणाचा होता. छप्पर हलकं हवं. जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या वर आणि छपराच्या खाली अशी चारी भिंतींना बांधून टाकणारी सलग पट्टी हवी. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड हवेत. एवढं केलं तर माती आणि सुरक्षितता यांचं वैर राहत नाही. मात्र हे काम जाणत्या इंजिनीअरला विचारूनच करायला हवं. आजोबा बांधायचे तसंच बांधू, एवढ्यावर भागणार नाही.

वाचवलेला पैसा आणि द्यावा लागणारा हात

मातीच्या बांधकामाची एक गोष्ट तिचे चाहते पटकन सांगत नाहीत. बांधताना पैसा वाचतो खरा, पण नंतर दरवर्षी हात द्यावा लागतो. मातीच्या भिंतीला डोक्यावर छत्री आणि बसायला पाट लागतो. छत्री म्हणजे भिंतीच्या पुढे चांगलं दोन-तीन फूट आलेलं छप्पर, पाट म्हणजे दगडी जोतं. यातलं एक जरी चुकलं तरी दोन पावसाळ्यांत भिंतीचे पोपडे निघतात. वाळवीवर नजर ठेवावी लागते. गवत काही वर्षांनी बदलावं लागतं, आणि ते कापणारा, रचणारा माणूस दिवसेंदिवस दुर्मिळ होत चाललाय.

आपल्या आजीला यात नवल वाटलं नसतं. मृगाआधी घर शाकारायचं, पावसानंतर भिंती लिंपायच्या, दिवाळीच्या तोंडावर अंगण चोपायचं आणि सणावाराला सारवण घालायचं, हे तिच्या वर्षाचं वेळापत्रकच होतं. अर्थात या कामाचा भार सगळा बायकांच्या कमरेवर पडायचा, हेही खरं. सिमेंटची फरशी आली तेव्हा पहिला मोकळा श्वास त्यांनीच सोडला. म्हणून आज मातीच्या घराचे गोडवे गाताना 'सारवणार कोण' हा प्रश्न आधी विचारायला हवा.

नृत्यग्रामचं खरं रहस्य इथंच आहे. ते गाव प्रेक्षकांसाठी नाही, राहणाऱ्यांसाठी बांधलंय. संध्याकाळी तीन तास दिवे लावून मग कुलूप ठोकायचं, असं ते सभागृह नाही. गुरुकुल म्हटलं की तिथं राहणाऱ्यानं झाडू मारायचा, बागेत खपायचं, भाजी काढायची, हे त्या कल्पनेतच आलं. सकाळी व्यायाम, मग नाच, मग काम, पुन्हा नाच. जो हात दिवसभर मुद्रा घडवतो, तोच हात भिंतीवर, झाडावर, जमिनीवर फिरतो. भिंत कुठं ओल धरतेय हे तिथं राहणाऱ्याला पहिल्या दिवशी कळतं. वर्षातून एकदा येणाऱ्या ठेकेदाराला ती भिंत पडल्यावर कळतं!

आणि नृत्याचंही तेच नाही का? शिकून झालं, आता ठेवून देऊ, असं नृत्यात होत नाही. एक दिवस रियाज चुकला तर स्वतःला कळतं, आठ दिवस चुकला तर प्रेक्षकांना. मातीची भिंतसुद्धा रियाज मागते.

संस्थापिका गेल्यावर

अशा गावाची खरी परीक्षा होते ती उभारणारा माणूस गेल्यावर. १९९७ मध्ये प्रोतिमावर मुलाच्या मृत्यूचा घाव पडला. त्या वर्षी तिनं नृत्यग्रामचा कारभार सहकाऱ्यांच्या हाती सोपवला आणि ती हिमालयाच्या वाटेला लागली. १८ ऑगस्ट १९९८ च्या रात्री कैलास-मानसरोवरच्या यात्रेत पिथोरागढ जिल्ह्यातल्या मालपा इथं दरड कोसळली. त्यात गेलेल्या यात्रेकरूंमध्ये प्रोतिमाही होती. वय अवघं ४९.

त्या वेळी अनेकांना वाटलं, आता हे गावही गेलं. एका बाईच्या झपाट्यावर उभं राहिलेलं काम तिच्यामागे कोण चालवणार? पण ते चाललं! रंगमंचावरच्या प्रकाशयोजनेत मुरलेल्या लिन फर्नांडिस यांनी व्यवस्था सांभाळली आणि इथंच शिकून तयार झालेल्या सुरूपा सेन यांनी नृत्याची धुरा घेतली. १९९३ मध्ये आलेल्या बिजयिनी सत्पथी यांनी पंचवीसेक वर्षं इथं नाचत आणि शिकवत घालवली. श्रीलंकेच्या चित्रसेना नृत्यसंस्थेबरोबर २०१२ मध्ये नृत्यग्रामनं 'संहार' हा कार्यक्रम बसवला. न्यूयॉर्कसह जगातल्या मोठमोठ्या शहरांत नृत्यग्रामच्या नर्तकी नाचून आल्या.

यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पवित्रा रेड्डी. ती दूरच्या शहरातून आलेली नाही. आसपासच्या खेड्यांतल्या मुलांसाठी नृत्यग्रामनं विनामूल्य वर्ग सुरू केले, त्यातून लहान वयात ती पुढे आली आणि संस्थेची आघाडीची नर्तकी झाली. पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या दगडमातीचा नियम आपण वर पाहिला. पवित्राला पाहिलं की वाटतं, तो नियम माणसांनाही लागू पडतो!

सगळं गोडच आहे असं नाही. सात नृत्यांच्या सात गुरुकुलांचं स्वप्न पुरं झालं नाही, टिकलं ते मुख्यतः ओडिसीचं. वसंतहब्बा थांबला तो थांबलाच. २०२० च्या करोनाकाळात जगभरचे रंगमंच बंद पडले तेव्हा दौऱ्यांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या प्रत्येक नृत्यसंस्थेची जी तारांबळ उडाली, तिच्यातून नृत्यग्रामही सुटलं नाही. भिंती स्वस्त बांधता येतात, पण भिंतींच्या आतलं जगणं स्वस्त नसतं.

त्याच शहराचं दुसरं टोक

वसंतहब्बा शेवटचा भरला त्याच २००४ मध्ये बंगळूर शहराच्या दुसऱ्या टोकाला, जयप्रकाशनगरमध्ये, 'रंगशंकरा' हे नाट्यगृह उघडलं. यामागचं स्वप्न शंकर नाग यांचं. 'मालगुडी डेज' ही मालिका करणारे शंकर नाग मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वाढले, '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा हात होता. नृत्यग्रामचं उद्घाटन झालं त्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९० रोजी, मोटार अपघातात ते गेले. मुंबईतच मराठी, गुजराती आणि हिंदी नाटकांतून घडलेल्या त्यांच्या पत्नी अरुंधती नाग यांनी सरकारनं दिलेल्या जागेवर चौदा वर्षांनी ते स्वप्न उभं केलं.

ही इमारत मातीची नाही. शहरातल्या भूखंडावर ते शक्यही नव्हतं. पण टिकण्याचं सूत्र मात्र तेच. इथं लग्न नाही, सत्कार नाही, फक्त नाटक, आणि तेही जवळजवळ रोज. वेळ झाली की दार बंद, मग येणारा कितीही मोठा असो! ज्या वास्तूत रोज पावलं पडतात, तिच्याकडे रोज कुणीतरी बघतं. बंद राहणाऱ्या वास्तूला आधी कोळिष्टकं धरतात आणि मग भेगा पडतात.

तसं पाहिलं तर मराठी रंगभूमीवर कर्नाटकाचं जुनं ऋण आहे. उत्तर कन्नडमधून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिला आणि तसं काही मराठीत कर, असं विष्णुदास भावे यांना सांगितलं. त्यातून ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. कर्नाटकात या उघड्यावरच्या खेळाला 'बयलाट' म्हणतात, म्हणजे माळावरचा खेळ. आपले दशावतार, तमाशे आणि गोंधळही अंगणात नि जत्रेतच वाढले. म्हणजे मोकळ्या आभाळाखालचा रंगमंच आपल्याला नवा नाही, मधे काही काळ आपण तो विसरलो एवढंच.

आपल्या गावात बांधायचं तर...

गावोगाव समाजमंदिरं आणि सभामंडप बांधले जातात. चार खांब, वर पत्रा किंवा स्लॅब आणि पाटीवर नावं! त्यापेक्षा थोड्याच खर्चात आणि थोड्याच जागेत भजन, कीर्तन, भारूड, शाळेचं स्नेहसंमेलन नि लोककलेचे कार्यक्रम होतील असा खुला रंगमंच करता येतो. त्यासाठी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

जागा निवडताना नैसर्गिक उतार शोधावा. उतारावर दगडी पायऱ्या रचल्या की बैठक तयार, भराव घालायला नको. मंच आणि प्रेक्षक यांची मांडणी शक्यतो दक्षिण-उत्तर असावी, म्हणजे मावळतीचं ऊन ना कलाकाराच्या डोळ्यांत जातं ना प्रेक्षकांच्या. वारा मंचाकडून प्रेक्षकांकडे वाहत असेल तर शब्द अलगद मागच्या रांगेपर्यंत जातो. मंचामागे दगडाची किंवा मातीची भिंत हवी, ती आवाज पुढे ढकलते. पण समोरासमोर दोन गुळगुळीत सपाट भिंती नकोत, आवाज घुमतो.

पायऱ्यांवरचं पाणी वाहून जायला चर ठेवावा आणि ते पाणी आजूबाजूच्या झाडांना द्यावं. मंचावर छप्पर घालायचं तर हलकं घालावं, कौलांचं किंवा गवताचं. गवत घातलं तर विजेच्या तारा त्यापासून दूर ठेवाव्यात आणि पाण्याची टाकी जवळ असावी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह एका रात्रीत जळून गेलं, ते आपण पाहिलंय. आग कुठल्याच रंगमंचाची गय करत नाही.

आणि सगळ्यात शेवटची गोष्ट सगळ्यात आधी ठरवावी, ती म्हणजे निगा कोण राखणार. शाळा, भजनी मंडळ, तरुण मंडळ, बचत गट यांनी वर्षातले दिवस वाटून घ्यावेत. उन्हाळ्याच्या अखेरीस डागडुजीचा एक दिवस असावा आणि तो सणासारखा साजरा व्हावा. त्या दिवशी पुरुषांनीही सारवायला बसावं. हे ठरत नसेल तर मातीच्या वाटेला जाऊच नये.

खासबागेत काय किंवा गावच्या तालमीत काय, पैलवान कुस्तीला उतरण्याआधी हौद्यातली तांबडी माती खोऱ्यानं वरखाली करतात. तिच्यात ताक घालतात, तेल घालतात, तिला मऊ करतात. आज केलं म्हणून उद्या सुटका नसते, उद्या पुन्हा खोरं हातात घ्यायचं. हेसरघट्ट्याच्या माळावर गेली तीन दशकं हेच चाललंय, फक्त खोऱ्याच्या जागी घुंगरू आहेत. पहाटे अंगण झाडलं जातं, पावलं जमिनीवर पडू लागतात आणि त्या पावलांची धग असेपर्यंत मातीचं ते गाव उभं राहील, असा भरवसा वाटतो.